विजूताई, त्या पिवळ्या सुताबद्दल

विजूताई,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. निवडणुकीच्या ड्युटीसाठी काढलेला तुझा तो फोटो मोठा करून आणला होता, ज्यात तू फोटोग्राफरला आता दोन शब्द सुनावणार असं वाटतं. घरात दुसरा धड फोटो सापडलाच नाही म्हणे. मुख्याध्यापकांनी 'उपक्रमशील' हा शब्द चार वेळा वापरला. मी मोजले, कारण तू असतीस तर मला कोपर मारून मोजायला लावलं असतंस. दोन मिनिटं सगळे उभे राहिलो तेव्हा भिंतीपलीकडचे यंत्रमाग खटखटत होतेच, आणि सातवीतल्या दोन मुली ओठ दाबून हसत होत्या.

सभा संपल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. "कांबळे मॅडम, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या. वार्षिक अंकासाठी दोन पानं लिहून द्या. तो रंगीत सुताचा उपक्रम होता ना, मुलं कशी शिकतात ते बघून गट पाडायचा, त्याच्यावर भर द्या. छान होता तो." मी हो म्हटलं. संध्याकाळी कागद पुढ्यात घेतला, वर 'कै.' लिहिलं आणि तिथंच अडले. तुझ्या नावामागं ते अक्षर लावायला हात तयार होईना, हे एक. आणि दुसरं म्हणजे त्या उपक्रमाबद्दल खरं लिहायचं तर आधी तुला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मी चार वर्षं सांगितली नाही. तू होतीस, रोज समोर होतीस, डबा एकत्र खात होतो, तेव्हा सांगितली नाही. म्हणून हे आधी तुला लिहितेय. सरांच्या दोन पानांचं नंतर बघू.

तुला मी आधी 'मॅडम, तुम्ही' म्हणायचे हे आता कुणाला खरं वाटणार नाही. माझं या शाळेतलं पहिलंच वर्ष. आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी येणारं पाणी, तेही शाळेच्या वेळेला. पिंपं, बादल्या, घागरी, अगदी पातेलीसुद्धा भरून, ओल्या साडीनं धापा टाकत मी प्रार्थनेला येऊन उभी राहिले. तू मला दंडाला धरून कपाटापाशी नेलंस आणि तुझी ठेवणीतली जादा साडी अंगावर टाकलीस. म्हणालीस, "कांबळे, पाण्याच्या दिवशी मला आधी सांगत जा. तुझा पहिला तास मी घेईन. ह्या गावात ज्याच्या घरी पाणी आलंय त्याला देवसुद्धा काही बोलत नाही." त्या दिवसापासून तू ताई झालीस. तू मात्र मला शेवटपर्यंत कांबळेच म्हणालीस. माझं नाव शोभा आहे, हे तुला माहीत तरी होतं का, अशी मला कधीकधी शंका यायची.

गटांची कल्पना तू कुठल्या प्रशिक्षणातून आणलेली नव्हती. प्रशिक्षणातून तू फक्त चहा पिऊन यायचीस. ती आली तुझ्या भावाच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमधून. एका सोमवारी तू स्टाफरूममध्ये आलीस ती पर्स टेबलावर टाकून बोलायलाच लागलीस. भावाकडं टॉवेलच्या मागावर तीन नवे कामगार होते. एक नुसता शेजारी उभा राहून बघायचा आणि आठवड्यात शिकला. दुसऱ्याला बघून काही कळायचं नाही, पण सांगितलेलं एक अक्षर विसरायचा नाही, आणि मागाचा आवाज बदलला की पाठ फिरवलेली असतानाही धागा तुटला म्हणून सांगायचा. तिसऱ्याला बघून कळेना आणि सांगूनही कळेना. त्याला मागावर हात घालू दिला, चार वेळा चुकू दिला आणि तो तिघांतला सगळ्यात पक्का कारागीर निघाला. "एका मागावर तीन माणसं तीन तऱ्हेनं शिकतात कांबळे, आणि मी माझ्या वर्गात सगळ्यांसमोर एकच खडू घेऊन उभी." हे तू इतक्या चिडून म्हणालीस की जणू मीच तुझ्या हातात तो खडू दिला होता.

मग तुझी ती परीक्षा. एक दिवस गोष्ट नुसती सांगायची, काही दाखवायचं नाही. एक दिवस चित्र नुसतं दाखवायचं, काही बोलायचं नाही. एक दिवस करायला द्यायचं, माती, कागद, काड्या. आणि प्रत्येक वेळी त्याच दिवशी काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी विचारायचं. "त्याच दिवशी सगळ्यांनाच येतं गं. रात्र उलटल्यावर काय उरलं ते बघायचं." ह्या दुसऱ्या दिवसावर तुझा सगळा भर होता. वहीत दोन रकाने होते, पहिला दिवस आणि दुसरा दिवस, दोन्हीकडं तारीख. ज्याला ऐकलेलं उरलं त्याच्या मनगटाला लाल सूत, बघितलेलं उरलं त्याला हिरवं, केलेलं उरलं त्याला पिवळं. सूत भावाच्या शेडमधलं, कांडीवर उरलेलं.

मी तुला लई छळलं त्यावरून. म्हटलं, "ताई, आता तू पोरांना गंडेदोरे बांधणार का? आमच्यात हे चालत नाही हां." तू म्हणालीस, "तुझ्याही हाताला बांधते एक, जिभेचा गट काढून." पण चेष्टा संपल्यावर मी जे म्हटलं होतं ते मनापासून म्हटलं होतं. मी म्हटलं, तू खूण करतेयस पोरांना. आमच्या घरात माझ्या आजीला, आईला लोकांनी न बघता कुठल्या तरी खणात टाकून ठेवलेलं होतं, आणि एकदा टाकलं की कुणी परत काढून बघत नाही, हे मी लहानपणापासून बघितलंय. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "खूण नाही गं. माझ्या आठवणीसाठी आहे. आणि दिवाळीनंतर सगळी सुतं कापून परत परीक्षा घ्यायची. पोरगं तेच राहतं का कुठं वर्षभर?"

आणि खरं सांगते, ते चाललं. शफीकला दोन वर्षं अपूर्णांक येत नव्हते. तू त्याच्या हातात भावाकडचा टॉवेल दिलास आणि घडी घालायला लावलीस. अर्धा, पाव, अष्टमांश. चौथ्या घडीला तो थांबला आणि स्वतःच म्हणाला, "बाई, जितक्या घड्या वाढतात उत्ता तुकडा छोटा होता, पर टॉवेल वहीच है." तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तू त्याला ओरडलीस की घडी नीट घाल. लाल सुताची पोरं तुझ्याभोवती गोल करून इतिहास ऐकायची. हिरवी पोरं फरशीवर खडूनं काढलेल्या नकाशातल्या नद्यांवरून चालायची. त्या वर्षी पहिल्यांदा मला वाटलं की मी हरले, आणि हरल्याचा मला आनंद झाला होता.

आता ती गोष्ट.

त्या जुलैत तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तू तीन दिवस रजेवर होतीस. सहावीतल्या शेवटच्या दहा जणांची परीक्षा राहिली होती. जाताना तू वही माझ्या हातात दिलीस. "गोष्ट शनिवारी सांग आणि सोमवारी विचार, चित्र आणि हातकाम त्यापुढं एकेक दिवसानं. घाई करू नकोस." शनिवारी सकाळची शाळा, आणि नेमकं शनिवारी पहाटे चुकलेलं पाणी आमच्याकडं सात वाजता आलं. मी शाळेत पोचले तेव्हा दोन तास झाले होते. माझा स्वतःचा वर्ग बोंबलत होता. सोमवारी मला केंद्रशाळेत बैठक होती. मी त्या दहा जणांना व्हरांड्यात बसवलं, गोष्ट सांगितली, चित्र दाखवलं, कागदाची होडी करायला लावली, आणि पाऊण तासात तिथंच विचारून मोकळी झाले. तुझे तीन दिवस आणि तीन रात्री मी पाऊण तासात उरकल्या. दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली. कुणी बघणार होतं?

त्या दहांत रेणुका होती. उंच म्हणून कायम मागं बसणारी, दोन वेण्या, ओढणीचं टोक सतत डाव्या कानावर धरलेली. व्हरांड्याला लागूनच पलीकडचे माग. मी गोष्ट सांगत होते तेव्हा ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि विचारलं तर तिला एकही वाक्य सांगता येईना. चित्राच्या वेळी मी काय विचारलं तेच तिला कळलं नाही. पण होडी तिनं अशी केली की मी बघत राहिले, शेजारणीची बघून, कडा नखानं दाबून. मी लिहिलं, 'करून शिकते'. तिच्या मनगटाला पिवळं सूत मी बांधलं, ताई. माझ्या हातानं.

सुतं पोरांच्या हाताला घरी जात होती, गल्लीत जात होती, आणि गावाला वाचता येतं हे आपल्या लक्षातच आलं नाही. घरकुल वसाहतीकडं शाळेचे गणवेश शिवणारी ती बाई, काकू म्हणायचे सगळे तिला, घरातच दहा-बारा मशिनं टाकलेली. दिवाळीच्या सुट्टीआधी ती आपल्या फाटकाशी आली. आधी मला वाटलं गणवेशाचं काही असेल. ती म्हणाली, "सुट्टीत काजं-बटनाला मुली पायजेत. पिवळ्या सुताच्या द्या. त्यांचं हातात असतंय म्हणे." तू तिला फाटकातूनच हाकललीस. पण ती तुझ्याकडं कशाला परत येईल? ती मुलींच्या घरी गेली. सहा मुली सुट्टीत तिच्याकडं गेल्या. शाळा उघडल्यावर पाच परत आल्या.

दिवाळीनंतर सुतं कापायची होती, नवी परीक्षा घ्यायची होती. आठवतंय ना, का नाही घेतली ते? घरोघरचं सर्वेक्षण आलं होतं आपल्या गळ्यात. मग स्नेहसंमेलन. सुतं मळून गेली, विटली, पण कुणी कापली नाहीत. बांधायला आपण इतका विचार केला होता, सोडायची वेळ आली तेव्हा आपल्याला सवड नव्हती.

रेणुकाच्या घरी तू दोनदा एकटी गेलीस. तिसऱ्यांदा मला घेऊन गेलीस. पूर्व भागातला तो बोळ, दारातच माग, आत एक खोली. तू तिच्या आईशी तेलुगूत बोलत होतीस, आधी गोडीनं, मग जोरात, मग जवळजवळ हात जोडून. मला काही कळत नव्हतं. मग तिची आई माझ्याकडं वळली आणि मला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत बोलली, "बाई, तुमीच सांगितलाव की. हिचं हातात हाय, डोक्यात न्हाय. मग हात चालंल तितं लावली हिला. आता परत कशाला मागताव?"

तू खाली मान घातलीस. आणि त्याच वेळी मी जे बघितलं ते तू बघितलं नाहीस, असं मी चार वर्षं समजत होते. आईनं रेणुकाला हाक मारली. ती दाराकडं डावी बाजू करून बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही. आईनं परत हाक मारली. शेवटी उठून तिच्या खांद्याला धरून तिला फिरवलं, रोजच्या सवयीनं, त्यात काही विशेष नसल्यासारखं. ओढणी बाजूला झाली. डाव्या कानात कापसाचा बोळा होता, पिवळा झालेला. पोरीचा कान फुटलेला होता, ताई. किती वर्षं वाहत होता कुणास ठाऊक. तिला गोष्ट आठवत नव्हती असं नव्हतं. तिला गोष्ट ऐकूच गेली नव्हती.

येताना स्कूटीवर तू पुढं, मी मागं. अशोक चौकाच्या सिग्नलला तू म्हणालीस, "माझ्यामुळं गेली पोर." मी काहीच बोलले नाही. सिग्नल सुटला. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आधी शाळेत गेले, कपाटातून वही काढली. माझं अक्षर. आणि दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात मी टाकलेली तारीख रविवारची होती. शनिवारच्या दुसऱ्या दिवशी रविवार येतो एवढंही मला घाईत सुचलं नव्हतं. रविवारी शाळेत मी कुणाला काय विचारलं असणार? मी वही मिटली आणि होती तिथं ठेवली.

आपली सगळ्यात मोठी भांडणं त्यानंतर झाली. तू कात्री घेऊन वर्गात गेलीस आणि एकेका पोराचं सूत कापलंस. शफीक रडला, "मेरा मत काटो बाई" म्हणाला, तरी कापलंस. सगळी सुतं बिस्किटाच्या डब्यात भरून वहीसकट घरी नेलीस. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझी सगळी कल्पनाच चुकीची होती, मी पोरांच्या कपाळावर लिहिलं." आणि मी काय म्हणाले? "मी आधीच म्हटलं होतं." हे मी म्हणाले. वही बघितल्यानंतर, कापसाचा बोळा बघितल्यानंतर, माझं अक्षर ओळखल्यानंतर. तुझ्या तोंडावर, सात जणांसमोर. तू माझ्याकडं बघितलंस आणि नुसतं "व्हय" म्हणालीस. तू कधी व्हय म्हणायची नाहीस. घरी तेलुगू, शाळेत शुद्ध मराठी, अशी तुझी ऐट. त्या एका शब्दावर मी कितीदा तरी परत जाऊन आलेय.

मला सांगायचं नव्हतं असं नाही. सांगायला सोपं होतं, ताई, कान फुटलेला होता गं, आणि परीक्षा मी चोरली. दोन वाक्यं. पण ती सांगितली असती तर तुझी पद्धत सुटली असती आणि मी अडकले असते. तुझ्या नोकरीची सात वर्षं राहिली होती, माझी वीस. मी भ्याले. एवढंच कारण आहे, दुसरं मोठं काही नाही. आणि वर्षं गेली तसं ते सांगणं अवघड होत गेलं, कारण मग आधी का नाही सांगितलंस हेही सांगावं लागलं असतं.

तू परत सगळ्यांसमोर एकच खडू घेऊन उभी राहायला लागलीस. शिकवायचीस चांगलंच, पण नुसतं शिकवायचीस. हिरव्या पोरांचा नकाशा फरशीवरून पुसला गेला. कुठल्याही नव्या उपक्रमाचं पत्रक आलं की तू ते माझ्याकडं सरकवायचीस, "तुम्ही तरुण माणसं करा." मी तुझ्याशी भांडायची की काहीतरी कर, असं काय करतेस, आणि मनात म्हणायचे की हिची ही अवस्था कुणी केली. आणि बुधवारी तू अर्धी रजा टाकायला लागलीस. जवळजवळ वर्षभर, महिन्यातून दोन-तीन बुधवार. तुझा वर्ग मलाच सांभाळावा लागायचा. मी कुरकुरायचे. "बँकेत काम आहे गं," तू म्हणायचीस. एकदा मी चिडून म्हटलं, "बँक विकत घेतलीस का?" तू हसलीस आणि छत्री घेऊन निघालीस. सोलापूरच्या उन्हात ती काळी छत्री आणि तू, फाटकाबाहेर जाताना दिसायचीस.

मग तुझं ते दुखणं. आधी नुसता थकवा, मग कावीळ, मग डॉक्टरांनी तुझ्या भावाला बाहेर बोलावून जे सांगितलं ते. दोन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. शेवटची भेट दवाखान्यात, दुपारची होती. तू उशीला टेकून बसली होतीस, डोळे पिवळे, हात काड्यांसारखे. शाळेच्या गप्पा झाल्या. भाऊ औषध आणायला खाली गेला. तू माझा हात धरलास आणि विचारलंस, "कांबळे, तुला काही सांगायचंय का मला?"

मला वाटलं तू निरोपाचं बोलतेयस. मी घाबरले. म्हटलं, "मला काय सांगायचं असणार? लवकर बरी हो, तुझा वर्ग मला झेपत नाही." तू थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिलीस. मग "बरं" म्हणालीस आणि विचारलंस, आज तुमच्याकडं पाण्याचा दिवस का? मी म्हटलं, हो. "मग जा," म्हणालीस. मी गेले. पिंपं भरली. तिसऱ्या दिवशी तुझ्या भावाचा फोन आला.

दहाव्याला तुझ्या घरी गेले होते, मागच्या शुक्रवारी. बायकांच्या गर्दीत एक उंच मुलगी भिंतीला टेकून उभी होती. सोळाएक वर्षांची, ओढणी डोक्यावरून, बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून काळे ठिपके. ती उजवी बाजू पुढं करून उभी होती. मी तिला त्यावरून ओळखलं. रेणुका अजून काकूकडंच आहे. आता काजं-बटन नाही, कॉलर लावते. अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून आली होती.

मी विचारलं, बाईंची आठवण ठेवलीस गं. तर ती म्हणाली, "आठवण कशी न्हाय ठेवणार बाई? वर्षभर त्याच मला सिव्हिलला घेऊन जायच्या. कानाच्या डॉक्टरकडं. बुधवारी कान बघतात तितं." डावा कान गेला म्हणाली. उशीर झाला होता. उजवा राहिला, तो बाईंमुळं राहिला. शाळेत परत घालायचाही प्रयत्न केला बाईंनी, पण तोवर वडिलांचा माग बंद पडला होता आणि धाकटी दोघं होती, घर तिच्यावरच चालत होतं. हे सगळं ती अगदी साधं सांगत होती, माझ्या ओठांकडं बघत. मग म्हणाली, "बाईंनी मला ती वही पन दाखवली. डब्यात ठेवली होती. म्हनाल्या, हे बघ, रविवारची तारीख टाकलीय. रविवारी कुटं शाळा असती? तुझी परीक्षा मीच नीट घेतली न्हाय रेणुका. तुझ्या डोक्यात काही कमी नव्हतं. माझी चूक हाय. माफ कर मला."

तू माझं अक्षर ओळखत होतीस, ताई. आपण वर्षानुवर्षं एकमेकींचे पेपर तपासलेत. माझा तीन आणि माझा नऊ, कुणीही सांगेल. वही बघितल्या क्षणी तुला कळलं असणार. म्हणजे मी स्टाफरूममध्ये "मी आधीच म्हटलं होतं" म्हणाले तेव्हा तुला माहीत होतं का? का ते "व्हय" म्हणायच्या वेळी माहीत नव्हतं आणि त्याच संध्याकाळी घरी वही उघडल्यावर कळलं? हे मला आता कधीच कळणार नाही. एवढं कळतं की चार वर्षं तू माझी वाट बघितलीस. डबा खाताना, रजेचा अर्ज देताना, माझ्या कुरकुरीवर हसताना. आणि शेवटी दवाखान्यात सरळ विचारलंस. तू मला निरोप देत नव्हतीस. मला सुटायची एक संधी देत होतीस, आणि मी तुला पाण्याचा दिवस सांगितला.

तुझा राग येतो मला. हेही लिहिते, मग नंतर धीर होणार नाही. तू माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीस आणि त्या चुकीपायी स्वतःची पद्धत मारून टाकलीस. ती चांगली होती, ताई. आता मला तुझ्याशी तुझ्याच बाजूनं भांडायचंय आणि तू नाहीस. पोरं वेगवेगळ्या तऱ्हेनं शिकतात हे खोटं नव्हतं. शफीक आता आयटीआयला आहे, अजून घडी घालून हिशेब करतो. चुकलं ते हे की तीन दिवसांचं काम मी पाऊण तासात केलं, आणि बांधलेलं सूत आपण दोघींनी वेळेत सोडलं नाही. कान तपासायच्या आधी मी पोरीला ऐकणारी नाही असं ठरवलं. हे तू मला तोंडावर म्हणायला हवं होतंस. चार शिव्या घालायला हव्या होत्यास. तू मला वाचवलंस आणि त्यात रेणुकाचं खरं राहून गेलं. तिला अजून वाटतं की तिच्या बाईंची चूक झाली.

म्हणून मी तिला दहाव्यालाच सांगितलं. तुझ्या घराच्या व्हरांड्यात, चपला घालताना. "रेणुका, ती परीक्षा बाईंनी नाही, मी घेतली होती." सांगितलं आणि मान वर करून बघितलं, तर मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. ती चपलेचा पट्टा लावत होती. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. माझे ओठ हललेले बघून तिनं विचारलं, "काय म्हनालाव बाई?" आणि मी म्हटलं, काही नाही, जपून जा.

बघ, अजूनही तशीच आहे मी.

तुझा भाऊ काल शोकसभेनंतर तो बिस्किटाचा डबा मला देऊन गेला. तूच सांगून ठेवलं होतंस म्हणे, कांबळेला दे. आत सुतं आहेत, लाल, हिरवी, पिवळी, सगळी एकात एक गुंतलेली, आणि खाली ती वही. पानावर रेणुकाच्या नावासमोर तू काही लिहिलेलं नाहीस. खोडलेलंही नाहीस. रविवार तसाच आहे.

उद्या बुधवार. मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज आज सरांच्या टेबलावर ठेवला. त्यात कारणाची ओळ असते, जिथं तू वर्षभर 'बँकेचे काम' लिहिलंस. मी लिहिलंय, 'विद्यार्थिनीच्या परीक्षेत माझ्याकडून झालेली चूक तिला सांगण्यासाठी.' सरांनी तो वाचला, माझ्याकडं बघितलं, आणि कुठली विद्यार्थिनी म्हणून विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अंकासाठी मग राहू द्या. मी म्हटलं, नाही, हेच देते.

उद्या सकाळी आमच्याकडं पाणी येणार आहे. येऊ दे. वही पिशवीत घालून मी काकूच्या कारखान्यात जाणार आहे आणि मशिनं थांबवायला सांगणार आहे. रेणुकाच्या उजव्या बाजूला बसणार आहे.

तुझी,
शोभा कांबळे